साडेतीनशे हात आणि तोळाभर मातीचं अत्तर

लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हसवडला. मुलगी आमची, रत्नागिरीची. मुलगा माण तालुक्यातला. जूनमध्ये साखरपुडा झाला त्या संध्याकाळी भाचीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मावशी, पाहुण्यांना अत्तर लावायची पद्धत मला ठेवायची आहे. पण कार्यालयवाले लावतात ते नको. आत्याचं डोकं उठतं. तू शोध ना काहीतरी."

मी गेली सात-आठ वर्षं अत्तरं लावते. मोठ्या कंपन्यांची चकचकीत खोक्यातली नाहीत. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या एका घरातून टपालानं येतात ती, आणि मुंबईला गेले की मोहम्मद अली रोडच्या गल्लीतून एखादी कुपी घेते ती. त्यामुळे मला हे काम सोपं वाटलं. माझ्या कपाटात पंधरा-वीस कुप्या होत्या, त्यातलीच एखादी निवडायची. प्रत्यक्षात जून ते नोव्हेंबर असे सहा महिने गेले, आणि मधे एकदा मी निकालच चुकीचा लावला. ती चूक कशी झाली आणि कशी सापडली, हे अत्तर लावणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे असं वाटलं, म्हणून सगळं प्रकरण लिहून काढते आहे.

दुसऱ्याच्या हातावर

स्वतःसाठी अत्तर निवडताना आपण फक्त आपल्याला विचारतो. इथे साडेतीनशे माणसं होती. निम्मी कोकणातली, निम्मी माणदेशातली. त्यात बाळंतिणी, म्हातारी माणसं, एक-दोन दम्याचे, आणि अर्धशिशीनं त्रासलेली आमची आत्या. बायकांच्या अंगावर रेशीम असणार, केसांत मोगरा आणि अबोली असणार, मागे जेवणाचा वास असणार. मुहूर्त सकाळी अकराचा, म्हणजे नऊपासून लोक येणार. माणदेशात डिसेंबरची सकाळ कोरडी आणि थंड असते. त्या हवेत हातांना भेगा पडतात.

शिवाय पाहुणा हात पुढे करतो तो विश्वासानं. आपण त्याच्या कातडीवर काय टेकवतो आहोत हे त्याला माहीत नसतं. हा विचार मनात आल्यावर मी कपाटातल्या निम्म्या कुप्या बाजूला काढल्या. ज्यांच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही नीट सांगता आलं नव्हतं, त्या सगळ्या गेल्या.

उरल्या सात. त्यातली एक मुद्दाम ठेवलेली, तुलनेसाठी. कार्यालयात मिळतो तसला स्वस्त गुलाब.

पद्धत साधी ठेवली. एका दिवशी एकच अत्तर, मग एक दिवस रिकामा. सकाळी बिनवासाच्या साबणानं हात धुवायचे. डाव्या मनगटावर काचेच्या काडीचा एक स्पर्श, उजव्या बाहीत जुन्या मलमलीचा एक तुकडा टाचलेला, त्यावर एक स्पर्श. दहा मिनिटं, एक तास, चार तास आणि रात्री झोपताना असं चार वेळा वहीत लिहायचं. मी पुण्यात राहते, त्यामुळे आषाढ-श्रावणातली दमट हवा मिळाली. थंडीतल्या हवेची चाचणी मात्र शेवटपर्यंत झाली नाही, आणि ते पुढे भोवलं.

सात कुप्या

कार्यालयी गुलाब आधी संपवते, कारण त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टेकवताक्षणी तो पूर्ण ताकदीनं येतो आणि तसाच राहतो. एका सुरात, न बदलता. दोन तासांनी वास उतरला तेव्हा खाली काहीच नव्हतं, नुसता तेलकट चट्टा. जुन्या अत्तरांत फुलाच्या खाली चंदनाचं तेल असतं. चंदन महागलं, दुर्मिळ झालं, तसं त्याच्या जागी पॅराफिनचं तेल आणि इतर बिनवासाची द्रावणं आली. फूल उडून गेल्यावर हाताला काय उरतं, यावरून मला तरी ते कळतं. चंदन असेल तर एक दुधाळ, लाकडी ऊब राहते. नसेल तर हात नुसता चिकट राहतो.

चंदनावरचा गुलाब ही अगदी वेगळी वस्तू. पहिल्या मिनिटाला मला त्यात पान मोडल्यासारखा हिरवा कडवटपणा आला, मग मध, मग अगदी किंचित मिरी. गुलाब म्हटल्यावर आपल्या मनात गुलकंद येतो, तो इथे तासाभरानं आला आणि फार वेळ थांबला नाही. चौथ्या तासाला नुसतं चंदन. वहीत मी "सुंदर, पण लाजरा" असं लिहिलंय. या गुलाबाची गोष्ट जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत नोंदवली आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर तेलाचा तवंग धरला, तो तिनं गोळा केला, आणि त्याला 'इत्र-ए-जहांगीरी' नाव मिळालं. माझ्याजवळ शुद्ध गुलाबतेलाची एक इवलीशी कुपीही आहे, पण ती स्पर्धेत धरली नाही. एक तर किंमत, आणि दुसरं म्हणजे खरं गुलाबतेल थंडीत गोठतं. त्यातले मेणासारखे घटक वीस अंशांच्या खाली आले की कुपीत पांढरे काटे धरायला लागतात. डिसेंबरच्या सकाळी म्हसवडच्या मांडवात मी कुपी मुठीत धरून बसले असते.

केवड्यावर माझा लहानपणापासून जीव. आजी ट्रंकेत शालूंच्या घडीत केवड्याचं पान ठेवायची. हा केवडा ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला, तिथे समुद्रकिनाऱ्यालगत केवड्याची बनं आहेत आणि त्याच्या अर्काचा तो मुख्य मुलूख. लावला आणि दहा मिनिटांत खोली भरली. टोकदार, गोड, जवळजवळ धातूसारखा थंड. मला स्वतःला तो दिवसभर हवाहवासा वाटला. पण जावेनं दारातूनच विचारलं, "मिठाई आणलीस का?" केवड्याचं पाणी आता लोकांच्या नाकात रसमलाई आणि बिर्याणी होऊन बसलं आहे. आत्याला एक थेंब कागदावर लावून पाठवला, तर तिचा उलट निरोप आला की पाकीट गच्चीत ठेवलं आहे. केवडा गेला.

मोगरा चांगला होता, आणि तरीही एका वाक्यात गेला. मांडवात दोनशे बायकांच्या केसांत ताजा मोगरा असणार, त्याच्यापुढे कुपीतला कशाला?

शमामा, ज्याला आपल्याकडे सरसकट हिना म्हणतात, त्यावर मला थांबायचं आहे. हे एका फुलाचं अत्तर नाही. नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी, लवंग, जायफळ, वेलदोडा आणि आणखी कितीतरी जिन्नस एकामागून एक उकळून चंदनात उतरवतात. प्रत्येक कारागिराची यादी वेगळी, ती तो सांगत नाही. पण एक जिन्नस जवळजवळ सगळ्यांत असतो, दगडफूल. पहिल्यांदा लावलं तेव्हा मला वास ओळखीचा वाटला आणि आठवेना. दुसऱ्या दिवशी गोड्या मसाल्याचा डबा उघडला आणि हातातला चमचा तसाच राहिला. तेच दगडफूल. कनौजचा कारागीर आणि माझी आई दोघंही एकाच करड्या, कातळावर वाढणाऱ्या, चुरगळल्याशिवाय वास न देणाऱ्या वस्तूवर विसंबून आहेत, हे मला फार आवडलं. शमाम्याच्या पोटात ते ओल्या लाकडासारखं, थोडं धुरकट लागतं. रात्री झोपतानाही मनगटावर होतं. मलमलीच्या तुकड्यावर तर आठवडाभर.

रूढीप्रमाणेही हेच अत्तर बसत होतं. अत्तरवाल्यांच्या हिशेबात वाळा, गुलाब, केवडा, मोगरा, माती ही थंड, उन्हाळ्यात लावायची. हिना, शमामा, अंबर, ऊद ही उष्ण, हिवाळ्याची. मार्गशीर्षातल्या लग्नाला हिनाच. पण मलमलीच्या तुकड्यावर वासाबरोबर तपकिरी डागही आठवडाभर होता, आणि धुऊनही गेला नाही. शिवाय दुसऱ्या खेपेला माझ्या मनगटावर बारीक लाल पुरळ आलं. लवंगेतलं युजेनॉल काहींच्या कातडीला सोसत नाही. युरोपात सुगंधी वस्तूंच्या वेष्टनावर ज्या २६ घटकांची नावं छापणं आधी सक्तीचं झालं, त्यात ते आहे. त्याच यादीत गुलाबातली जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलही आहेत. म्हणजे "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे म्हणणं खरं नाही. पुरळ दोन दिवसांत बसलं, पण पैठणीवर पडलेला डाग बसत नाही. शमामा गेला, आणि तो वगळताना मला खरोखर वाईट वाटलं.

वाळा. तांब्याच्या डेगीत, म्हणजे अर्क काढायच्या मोठ्या भांड्यात, उतरवलेलं वाळ्याचं तेल हिरवट असतं, आणि इतकं दाट की काडीवरून सुटायला वेळ लागतो. मनगटावर तो आधी ओल्या मुळासारखा येतो, मग माठातल्या पाण्यासारखा, आणि उन्हात तापलेल्या ताट्यांवर पाणी मारावं तसा दुपारपर्यंत राहतो. आठ तास सहज. कुणाचं डोकं दुखलं नाही. ऑगस्टमध्ये मी वाळा नक्की केला आणि भाचीला तसं कळवलंही.

आणि माती. तिला मी त्याआधीच काट मारली होती.

काट कशी मारली

मातीचं अत्तर हे कनौजचं नवल. भाजलेल्या मातीचे तुकडे आणि पाणी तांब्याच्या डेगीत भरतात, झाकण मातीनं लिंपून घट्ट करतात, आणि बांबूची नळी लावून वाफ खाली पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, नेतात. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, पाणी खाली बसतं, वास चंदनात राहतो. पाणी काढून टाकायचं, नवी माती घालायची, पुन्हा चूल. असं काही दिवस. शेवटी तेल कातड्याच्या कुप्यांत भरतात, म्हणजे उरलेला ओलावा कातड्यातून निघून जातो. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

पहिल्या पावसाच्या वासाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं १९६४ साली. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी तापलेल्या दगड-मातीतून वाफेनं एक पिवळसर तेल काढलं आणि त्याला 'पेट्रिकोर' म्हटलं. त्यांच्या लेखात कनौजच्या या अत्तराचा उल्लेख आहे. त्यांनी प्रयोगशाळेत जे केलं ते कनौजमध्ये नदीकाठच्या मातीवर आधीपासून चाललं होतं.

माझ्या वहीत मात्र मातीबद्दल १४ जुलैची नोंद अशी: "१० मि. – अप्रतिम. २० मि. – संपलं. १ तास – फक्त चंदन. ४ तास – काही नाही." तीन वेळा लावलं, तिन्ही वेळा हेच. वीस मिनिटं टिकणारं अत्तर लग्नात लावण्यात अर्थ नव्हता. काट.

गणपतीला रत्नागिरीला गेले. लग्नासाठी उपयोग नाही म्हणून ती कुपी मी स्वतःसाठी घेऊन गेले होते. चतुर्थीच्या सकाळी आठला लावलं आणि विसरून गेले. साडेबाराला मी आणि आई मोदक वळायला बसलो. आईला आता कमी दिसतं, पण नाक शाबूत आहे. ती थांबली आणि म्हणाली, "अंगणात पाणी मारलं का गं कुणी?"

अंगण कोरडं होतं. दोन दिवस पाऊस उघडला होता. तिनं पुन्हा वास घेतला आणि माझा हात धरला. "तुझ्याच हाताला आहे."

मी मनगट नाकाशी नेलं. मला काही येत नव्हतं. साडेचार तासांनी आईला येत होतं आणि मला येत नव्हतं.

उत्तर तसं शाळेत शिकलेलं. सारखा समोर असलेला वास नाक आणि मेंदू हळूहळू सोडून देतात. आपल्या घराला वास आहे हे पाहुण्याला कळतं, आपल्याला नाही. पहिल्या पावसाच्या वासातलं जिओस्मिन तर पाण्यात लाख कोटी भागांत चार-पाच भाग असलं तरी माणसाला जाणवतं, इतके आपण त्या वासाला जागे असतो. पण जागेपणा म्हणजे टिकाव नव्हे. माती माझ्या मनगटावरून गेली नव्हती, माझ्या नाकातून गेली होती. आणि मी सहा आठवडे वहीत जे "टिकाऊपणा" म्हणून लिहीत होते, ते सगळं माझ्या थकलेल्या नाकाचं सांगणं होतं.

पुण्याला परत आल्यावर चाचणी पहिल्यापासून केली. या वेळी उसन्या नाकांवर. सकाळी लावायचं, आणि चार तासांनी अशा माणसाला हात पुढे करायचा की जो नुकताच बाहेरून आला आहे आणि ज्याला काय लावलंय ते सांगितलेलं नाही. शेजारच्या वहिनी, धाकटा दीर, कॉलेजला जाणारी पुतणी, इस्त्रीवाले काका, आणि माझे यजमान. मातीसाठी पाचांपैकी चौघांनी चार तासांनी वास आहे म्हणून सांगितलं. इस्त्रीवाले काका म्हणाले, "माठ." पुतणी म्हणाली, "ओलं काहीतरी, छान." चंदनाच्या गुलाबाचंही तसंच झालं, मी समजत होते त्यापेक्षा तो लोकांना बराच जास्त वेळ येत होता. वाळ्याच्या बाबतीत माझं आणि त्यांचं एकमत होतं.

मग दुसरा प्रश्न आला. पाहुण्याचंही नाक थकणारच की. त्यालाही वीस मिनिटांनी स्वतःच्या हाताचा वास येणार नाही. मग माती लावून त्याला काय मिळणार? याचं उत्तर मला मनगटाकडे बघून सापडलं नाही, मांडव डोळ्यांसमोर आणल्यावर सापडलं. एका घरात एकटी बाई अत्तर लावून बसली तर वास तिच्यापुरता संपतो. साडेतीनशे माणसांनी तेच लावलं असेल, तर हवा सारखी हलत राहते. कुणी जवळून गेलं की झुळूक येते, मग जाते, मग पुन्हा येते. मधल्या खंडात नाकाला विसावा मिळतो. लग्नातलं अत्तर एकट्यानं लावायची वस्तू नव्हेच.

माती फिक्कट होती, मलमलीवर रंग धरत नव्हती. आत्याला कागद पाठवला, तो तिनं उशीखाली ठेवला. वाळा आणि माती अशा दोनच कुप्या राहिल्या. आणि मुलाकडची माणसं कुठली होती? वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यातली, जिथे तेवढाही दरवर्षी पडेलच असं नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

आक्षेप आणि रंगीत तालीम

दोन आक्षेप आले. भाऊजींचे एक काका म्हणाले, अत्तर ही आपली पद्धतच नव्हे, बाहेरून आलेली. शब्द अरबीतून आला हे खरं. पण बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं मानसोल्लासात विलेपनांवर आणि धूपांवर स्वतंत्र भाग लिहिले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी उजेडात आणलेल्या 'गंधवाद' या सुगंधविद्येवरच्या जुन्या पोथीला तर मराठी टीका जोडलेली आहे. आपल्या भाषेत कुणीतरी सुगंधाच्या कृती समजावून सांगत बसलं होतं. काकांना हे सांगितल्यावर ते ती पोथी बघायला मिळेल का म्हणून विचारू लागले.

दुसरा आक्षेप आईचा, आणि तो मला पटला. थंडीत थंड अत्तर? तिला म्हटलं, हिना डाग पाडते. ती म्हणाली, मग पुरुषमंडळींना फाया द्या. म्हणून शमामा परत आला, कापसाच्या बोंडावर, कातडीला आणि रेशमाला न लागता, फक्त मागेल त्याच्यासाठी.

किती लागेल हा हिशेब तालमीतच चुकला, हे बरं झालं. काचेच्या काडीनं मोजलं तर ३ मिलीत सुमारे १७० स्पर्श होतात. म्हणजे ३५० माणसांना ६-७ मिली. एक तोळा, म्हणजे साधारण १२ मिली, भरपूर. पण एकच काडी साडेतीनशे हातांना टेकवून पुन्हा कुपीत बुडवायची हे मला पटेना. मग प्रत्येकाला नवी कापूस लावलेली काडी, असं ठरवलं. घरी करून पाहिलं तर कापूस निम्म्याहून जास्त अत्तर स्वतःच पितो. ३ मिलीत जेमतेम ४५ माणसं. चंदनावरचं अत्तर तोळ्याला हजारांच्या घरात जातं, दोन तोळे आणण्याची ऐपत नव्हती. शेवटी ताईनं सासूबाईंची चांदीची अत्तरदाणी काढली. वाटीत एका वेळी दोनच मिली ओतायचं, चांदीची सळई दर वेळी स्वच्छ रुमालाला पुसायची, वाटीतलं उरलेलं कुपीत परत घालायचं नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या दहा जणांच्या कोपराच्या आतल्या बाजूला एकेक स्पर्श लावून दोन दिवस ठेवलं. कुणाला काही झालं नाही. आणि एक नियम केला. हात पुढे करायला सांगायचं नाही. "लावू का?" असं विचारायचं.

म्हसवड

सकाळी नऊला अकरा-बारा अंशांची थंडी असावी. पहिल्या चाळीसेक लोकांना मी हाताच्या पालथ्या बाजूला लावलं आणि काहीच झालं नाही. लोक नाकाशी हात नेत, सौजन्यानं मान हलवत, पुढे जात. हात गार होते, कातडी कोरडी होती, तेल शोषलं जात होतं आणि वास वर येत नव्हता. हीच ती न झालेली चाचणी. पुण्याच्या दमट श्रावणात ठरवलेलं माणदेशाच्या मार्गशीर्षाला लागू नव्हतं.

दोन गोष्टी बदलल्या. अत्तरदाणी टेबलावरून उचलून मांडवाच्या कडेला उन्हात ठेवली. आणि पालथा हात सोडून मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर लावायला लागले, जिथे रक्ताची ऊब असते. ज्यांना आधी लावलं होतं त्यांच्यातल्या काहींना परत बोलावलं. साडेदहाला ऊन चढलं आणि मग मात्र मांडवात ते आलं. मला स्वतःला येत नव्हतं, माझं नाक केव्हाच थकलं होतं. मला ते लोकांच्या तोंडावर दिसत होतं.

आमच्या कोकणातल्या माणसांना आवडलं, पण वेड लागलं नाही. एक मामा म्हणाले, पावसाळ्यात जांभ्याची पायरी चढताना येतो तसा वास आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ओल्या दगडाचं कुणाला काय अप्रूप.

मुलाचे चुलत आजोबा काठी टेकत आले. ऐंशीच्या पुढचे. "लावू का?" म्हटलं तर म्हणाले, "लाव की पोरी." मनगट नाकाशी नेलं आणि तिथेच थांबले. मागे रांग होती, मी काही बोलले नाही. मग म्हणाले, "वळीव."

मी म्हटलं, "हो आजोबा, मातीचंच अत्तर आहे."

त्यांनी परत वास घेतला. "माती हिकडची न्हाय. पर वळवाचाच हाय." आणि मागच्या माणसाला म्हणाले, "हात कर रं, बग."

त्यानंतर रांग माझ्याकडून हलेना. माणदेशातल्या बायका पदराला लावायला सांगत होत्या. रेशमाला कुठलंही तेल डाग पाडतं, म्हणून मी नकार देत होते आणि कापसाचा फाया करून बटव्यात ठेवायला देत होते. एका बाईनं तो लेकराच्या टोपीत खोचला. फायांचा हिशेब मी केलाच नव्हता. शमाम्याला चौदा-पंधरा जणच आले, त्यातले दोघे आमच्याकडचे.

साधारण २९० जणांना लावलं, काहींनी नको म्हटलं, ते नको म्हणू शकले याचं मला समाधान वाटलं. आत्या पंगतीत शेवटपर्यंत बसली. कुणाला पुरळ आल्याचं नंतरही कळलं नाही. कुपीत तीनेक मिली उरलं. आजोबांनी निघताना एक फाया मागून घेतला आणि पानसुपारीच्या चंचीत ठेवला.

मेमध्ये विहीणबाईंचा ताईला फोन आला. दुपारी वळीव झाला होता, अर्धाच तास, पण ओढ्याला पाणी आलं होतं. आजोबांनी चंचीतला फाया काढला, ओसरीवर बसून आधी त्याचा वास घेतला, मग अंगणाचा, मग परत फायाचा. म्हणाले, "ह्याला आता नुसतं चंदन येतंय. माती ग्येली."

सहा महिन्यांनी तसंच व्हायचं. उरलेली तीन मिली मी दुसऱ्या दिवशी टपालानं म्हसवडला पाठवली.